लाइव्ह रॉक कसं ऐकावं: एक जोडी, एक वही आणि एक मोकळी संध्याकाळ

रॉक नव्याने ऐकू लागलेल्या मित्रांकडून एक तक्रार मी नेहमी ऐकतो. एखादं गाणं त्यांना मनापासून आवडलेलं असतं. मग त्याच गाण्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग सापडतं आणि हिरमोड होतो. आवाज पातळ लागतो, गायक ओळी बदलतो, लोक मध्येच ओरडतात आणि साडेचार मिनिटांचं गाणं वीस मिनिटं झाली तरी संपत नाही. ‘मूळ गाणंच बरं होतं’ म्हणत ते स्टुडिओकडे परततात आणि पुन्हा लाइव्हच्या वाटेला जात नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं. रॉकमधली कितीतरी उत्तम वाजवणी फक्त लाइव्ह रेकॉर्डिंगमध्येच आहे आणि ती थोड्याशा सवयीने हाती लागते.

ती सवय कशी लावायची, हे इथे क्रमाने सांगतो. बरे हेडफोन, एक मोकळी संध्याकाळ, वही-पेन आणि एकच गाणं आठ-दहा वेळा ऐकायची तयारी, इतकंच लागेल. वाद्य वाजवता आलं पाहिजे असं काही नाही.

सुरुवातीलाच एक सूत्र मनात ठेवा. लाइव्हमध्ये काय कमी पडलं, हे कुणाच्याही कानाला पहिल्या फटक्यात कळतं. त्या रिकाम्या झालेल्या जागेत वाजवणाऱ्यांनी काय भरलं, ते ऐकायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी १: जोडी नीट निवडा

जोडी म्हणजे एकाच गाण्याचं स्टुडिओतलं आणि लाइव्ह रेकॉर्डिंग. पहिल्या प्रयोगासाठी कुठलंही गाणं चालत नाही. स्टुडिओतला बँड आणि मंचावरचा बँड तोच हवा आणि मधला काळ थोडा हवा. नाहीतर आपण माणसं बदलल्याचा फरक ऐकतो आणि तो लाइव्हचा समजतो.

माझी शिफारस डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडची. ‘मशीन हेड’ हा त्यांचा स्टुडिओ अल्बम मार्च १९७२ मध्ये आला आणि त्याच वर्षी १५, १६ आणि १७ ऑगस्टला त्यांनी जपानमध्ये तीन कार्यक्रम केले, दोन ओसाकाला आणि एक टोकियोच्या बुदोकान सभागृहात. त्या तीन रात्रींतून ‘मेड इन जपान’ हा दुहेरी अल्बम निघाला. त्यातल्या सात गाण्यांपैकी चार ‘मशीन हेड’मधली आहेत. माणसं तीच पाच: गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेसवर रॉजर ग्लोव्हर, ड्रम्सवर इयन पेस आणि गायला इयन गिलन. दोन्हीकडे ध्वनिमुद्रणाला माणूसही तोच, मार्टिन बर्च. तुलनेला यापेक्षा चांगली जोडी मला तरी माहीत नाही.

पायरी २: स्टुडिओतलं गाणं आधी पाठ करा

‘स्मोक ऑन द वॉटर’ घ्या, ‘मशीन हेड’मधलं. लांबी पाच मिनिटं चाळीस सेकंद. लागोपाठ तीन वेळा ऐका आणि वहीत फक्त एवढंच लिहा: कोण कधी आत येतं. आधी गिटार एकटी, सगळ्यांना ठाऊक असलेली ती रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, घेऊन. ब्लॅकमोर ती पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) न वाजवता बोटांनी छेडतो, म्हणून दोन तारा एकाच क्षणी बोलतात. मग हाय-हॅट (ड्रम्समधली झांजांची जोडी) आणि खरखरीत ऑर्गन, मग बाकीचे ड्रम्स, मग बेस, आणि सगळे जमल्यावर गिलनचा आवाज. दुकान उघडताना एकेक फळी काढावी तसं हे गाणं उघडतं.

आता हे रेकॉर्ड झालं कसं तेही ऐका, कारण ‘स्टुडिओ’ या शब्दाबद्दलचा एक गैरसमज त्याने दूर होतो. बँड स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी गेला होता तो तिथल्या कॅसिनोत अल्बम करायला. ४ डिसेंबर १९७१ ला तिथे फ्रँक झॅपा या अमेरिकी संगीतकाराचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याचा जळता बार, उडवली आणि कॅसिनो जळून खाक झाला. सरोवरावर पसरलेला तो धूर म्हणजेच हे गाणं. जागा गेल्यावर त्यांनी आधी एका थिएटरात काम सुरू केलं. तिथे या गाण्याचा पाया वाजवून झाला तोच शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे पोलीस दारात आले. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या पॅसेजमध्ये गाद्या लावून बाकीचा अल्बम झाला. ध्वनिमुद्रणाची यंत्रं बाहेर उभ्या ट्रकमध्ये होती, रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओत. झालेला टेक, म्हणजे वाजवलेली एक खेप, ऐकायचा तर खोल्यांमधून, बाल्कन्यांवरून त्या ट्रकपर्यंत जावं लागे. पुढे पुढे त्यांनी ते जाणंच सोडून दिलं.

म्हणजे ज्याला आपण स्टुडिओतलं गाणं म्हणतो ते स्टुडिओ नावाच्या खोलीत झालेलंच नाही. तरी ते स्टुडिओ-रेकॉर्डिंगच आहे, कारण तिथे ‘परत घेऊ’ म्हणायची सोय होती. एक टेक बिघडला तर दुसरा घेता येतो. गिटार आज आणि गाणं उद्या भरता येतं. एकाच माणसाची दोन वादनं एकावर एक ठेवता येतात. शेवट सुचला नाही तर आवाज हळूहळू कमी करत गाणं विरवून टाकता येतं. ‘स्मोक’चा शेवट ऐका, तो असाच विरतो. हे वहीत लिहून ठेवा, पुढे लागेल.

पायरी ३: आता ओसाका

‘मेड इन जपान’मधलं ‘स्मोक’ १५ ऑगस्टचं, म्हणजे पहिल्या रात्रीचं. इतर बरीचशी गाणी दुसऱ्या रात्रीची आहेत. लांबी साडेसात मिनिटांच्या थोडी वर. पहिल्यांदा ऐकताना कुठलंही मत बनवू नका, फक्त घड्याळाकडे बघा. जवळजवळ दोन मिनिटं वाढली ती कुठे?

बरीचशी शेवटी. स्टुडिओत गाणं विरलं होतं. मंचावर मात्र आवाजाची कळ फिरवून कुणी गाणं संपवू शकत नाही. हॉलभर लोक समोर बसलेले असताना ते कुठेतरी नेऊन थांबवावंच लागतं. म्हणून शेवटच्या ध्रुवपदानंतर गिटार आणि ऑर्गनचे सवाल-जवाब सुरू होतात. एकाने टाकलेली जागा दुसरा उचलतो, थोडी वाकवतो, परत फेकतो. आपल्याकडे सतार आणि तबल्यात चालतं तेच. हा भाग दोनदा ऐका: एकदा फक्त गिटारकडे लक्ष ठेवून, एकदा फक्त ऑर्गनकडे. दुसऱ्या खेपेला लक्षात येईल की ऑर्गनवाला उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात तो ऐकत असतो. स्टुडिओत थर चढवून केलेल्या गाण्यात ही गोष्ट सहसा सापडत नाही, कारण तिथे एक जण वाजवत असतो तेव्हा दुसरा बऱ्याचदा खोलीतही नसतो.

पायरी ४: हरवलेली दुसरी गिटार

ही माझी सगळ्यात आवडती पायरी. गाणं ‘हायवे स्टार’.

स्टुडिओतला गिटार सोलो ऐका. तो सरळ सुचेल तसा वाजवलेला नाही, आधी बसवलेला आहे, आणि त्यात एका गिटारवर दुसरी गिटार चढवली आहे. एकच सुरावट दोन वेगळ्या सुरांवरून समांतर धावते, जणू दोन भाऊ एकाच पायऱ्या उतरतायत. आता बँडमध्ये गिटारवाला एकच. मंचावर ही दुसरी गिटार कुठून येणार?

येत नाही. ‘मेड इन जपान’मध्ये त्या जागी एकच गिटार आहे, आणि नव्या श्रोत्याला पहिल्यांदा इथेच सोलो ‘बारीक’ वाटतो. आता सूत्र आठवा आणि गिटारवरून लक्ष काढून मागे न्या. जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारसाठी बनवलेल्या मार्शल अॅम्प्लिफायरमधून वाजवायचा. त्यामुळे त्याचा ऑर्गन चर्चमधल्यासारखा गुळगुळीत राहत नाही. तो गिटारसारखा गुरगुरतो. पेस ड्रम्सवर मोकळी जागा दिसली की फिल, म्हणजे ठोक्यांचा छोटा तुकडा, टाकतो. बेस वर चढतो. एक गिटार कमी झाली म्हणून उरलेले सगळे जरा सरकून बसले, लोकलच्या चौथ्या सीटसाठी सरकावं तसे. आणि ब्लॅकमोर स्वतः बसवलेल्या सोलोतल्या ठळक खुणा पाळतो, पण दोन खुणांच्या मधली वाट त्या रात्रीची असते.

इथे एक मजेशीर उलटापालटही आहे. हे गाणं जन्मलं तेच कार्यक्रमाला जाणाऱ्या बसमध्ये. १९७१ मध्ये एका पत्रकाराने ‘तुम्ही गाणी कशी रचता’ म्हणून विचारलं, ब्लॅकमोर तिथल्या तिथे गिटार घेऊन सुरू झाला, आणि त्याच रात्री बँडने ते मंचावर वाजवलं. म्हणजे ‘मूळ’ कोणतं, हा प्रश्नच जरा जपून विचारायला हवा.

पायरी ५: लांबीची भीती घालवा

‘स्पेस ट्रकिन’’ स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे. ‘मेड इन जपान’मध्ये ते जवळजवळ वीस मिनिटांचं, दुहेरी तबकडीची अख्खी एक बाजू. बहुतेक नवे श्रोते इथे हात टेकतात.

मराठी माणसाने तरी घाबरू नये. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, आणि मोठमोठ्या गवयांनी त्यात राग बसवून दाखवला. पण त्या तबकडीवरून कुणी असं ठरवलं नाही की राग तीन मिनिटांचाच असतो. बैठकीला गेल्यावर तोच राग तासभर ऐकायची आपली तयारी असते. साडेचार मिनिटांचं ‘स्पेस ट्रकिन’’ ही बंदिश समजा, विस्तार ओसाकाला झाला.

ऐकण्याची रीत अशी: वीस मिनिटं सलग अंगावर घेऊ नका. पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यात एकच प्रश्न विचारा, आत्ता पुढे कोण चाललंय? कधी ऑर्गन, कधी गिटार. पुढारी बदलतो त्या क्षणी आधी ड्रम्स बदलतात, ते पकडा. चार तुकडे असे झाले की दुसऱ्या दिवशी सलग ऐका. कंटाळा आला तर बिनधास्त थांबा. मलाही काही भाग आजवर कधी भावले नाहीत, आणि त्याने काही बिघडत नाही.

पुढे हौस वाढली तर तिन्ही रात्रींचा संच १९९३ मध्ये स्वतंत्रपणे निघाला आहे, तो शोधा. तेच गाणं तीन रात्री, तीन तऱ्हांनी. इतकं चांगलं पाठ्यपुस्तक दुसरं नाही.

पायरी ६: इतरांनी रिकामी जागा कशी भरली

हाताशी आलेलं सूत्र आता दुसऱ्या बँडवर लावून बघा. तीन उदाहरणं देतो.

द हू. ‘लाइव्ह अॅट लीड्स’, १४ फेब्रुवारी १९७०, लीड्स विद्यापीठाचं विद्यार्थ्यांचं भोजनगृह. गायक सोडला तर मंचावर वाद्यं तीनच: एक गिटार, एक बेस, ड्रम्स. पीट टाउनशेंड सोलो घेतो तेव्हा मागे ताल धरायला दुसरी गिटार नसते, आणि तरी पोकळी जाणवत नाही, कारण जॉन एंटविसलचा बेस तिथे गिटारची जागा घेतो. १९६५ मध्ये स्टुडिओत सव्वातीन मिनिटांचं असलेलं ‘माय जनरेशन’ इथे चौदा मिनिटांच्या वर जातं. रेकॉर्डिंगमध्ये बारीक तडतड होती. ती मुद्दाम तशीच ठेवली आणि तबकडीच्या लेबलवरच लिहून टाकलं की हे आवाज ठीक आहेत, दुरुस्त करू नका.

चीप ट्रिक. ‘आय वाँट यू टू वाँट मी’ १९७७ मध्ये स्टुडिओत काहीशा संथ, गोजिऱ्या चालीत आलं आणि अमेरिकेत त्याला कुणी विचारलं नाही. एप्रिल १९७८ मध्ये बुदोकानमध्ये त्यांनी ते जलद आणि दणकट वाजवलं, आणि १९७९ मध्ये हेच लाइव्ह रूप अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. गाण्यात जिथे ओळ संपून क्षणभर जागा सुटते, तिथे जपानी मुली गायकाचा शब्द परत फेकतात. ती जागा लोकांनी भरली! आता स्टुडिओतलं ऐकलं की मला तिथे खड्डा वाटतो. लयीचा फरक मोजायचा तर पंधरा सेकंद टाळ्या वाजवून मोजा, चारने गुणा, दोन्ही आकडे वहीत लिहा. मंचावर बहुतेक बँड थोडे पळतात. रक्त तापलेलं असतं.

आणि क्वीन, जिथे जागा भरता येत नाही त्याचं उदाहरण. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा मधला ऑपेराचा भाग १९७५ मध्ये आवाजावर आवाज चढवून तीन आठवडे घडवलेला. चार माणसं तो मंचावर गाऊ शकत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून मैफलीत त्या भागाला ते सरळ आत निघून जात, टेप वाजे, आणि रॉकचा भाग सुरू होताना परत येत. १३ जुलै १९८५ ला लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात वेळ वीसेक मिनिटांचाच होता. तिथे त्यांनी फक्त सुरुवातीचा हळवा भाग घेतला आणि पुढच्या गाण्यावर उडी मारली. मला हा निर्णय फार आवडतो.

पायरी ७: ‘लाइव्ह’ लिहिलंय म्हणून सगळं त्या रात्रीचंच असतं असं नाही

लाइव्ह अल्बम बाहेर येण्याआधी पुष्कळदा स्टुडिओत जातो. चुकलेला सूर, बंद पडलेला माइक, पुसट गेलेली साथ नंतर भरली जाते. थिन लिझीच्या १९७८ च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’मध्ये नंतर किती भरलं, यावर निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी आणि बँडच्या बाजूची माणसं यांच्यात आजवर मेळ बसलेला नाही. तो अल्बम त्यामुळे कमअस्सल होतो असं मी मानत नाही, पण आपल्या कानाला कळलं पाहिजे. एकच माणूस गातोय आणि त्याच क्षणी त्याचाच आवाज साथही देतोय, असं ऐकू आलं तर समजा, हे नंतरचं आहे.

पायरी ८: मंचासमोर उभे राहा

हेडफोनवर कितीही ऐकलं तरी छातीत शिरणारा बास ड्रम तिथे मिळत नाही. महाराष्ट्रात ही सोय नवी नाही. मुंबईच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाच्या काळात एक अख्खी पिढी घडली, आणि २०१० मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला. आज दोन्ही शहरांत छोट्या जागांमध्ये बँड वाजवतात. पहिल्यांदा जाताना छोटीच जागा निवडा. तिथे वाजवणाऱ्यांचे हात दिसतात आणि एकमेकांना केलेल्या खुणा दिसतात.

कुठे उभं राहायचं? माझ्या पहिल्या गिगला मी उत्साहाने थेट डावीकडच्या स्पीकरला चिकटलो. दीड तास मला गिटारच्या अॅम्पशिवाय काही ऐकू आलं नाही. गायक गातोय हे मी ओठांवरून ओळखत होतो. शेवटच्या दोन गाण्यांना पाणी आणायला मागे गेलो, मिक्सरवाल्याच्या टेबलाशेजारी अडकलो, आणि अचानक अख्खा बँड ऐकू आला. बेसची ओळ, मागचा आवाज, सगळं. तो माणूस जे ऐकतो त्यावरूनच सगळ्यांचा आवाज ठरवतो, म्हणून त्याच्या आसपासची जागा सगळ्यात चांगली. मोठ्या मैदानात फार मागेही जाऊ नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर ड्रमरचा हात खाली आलेला आधी दिसतो आणि ठोका मागून पोचतो.

मंचावर वाजवणाऱ्यांच्या पायाशी तिरके ठेवलेले स्पीकर दिसतील. ते मॉनिटर, त्यांना स्वतःला ऐकू यावं म्हणून. गायक मध्येच बोट वर करून कुणाला तरी खुणावतो ते बहुधा ‘माझा आवाज वाढव’ असं सांगण्यासाठी. १९६५ मध्ये बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून जास्त लोकांसमोर वाजवत होते तेव्हा ही सोय नव्हती, आणि किंकाळ्यांत त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी दौरे थांबवले आणि पूर्णपणे स्टुडिओत गेले. गायकाचा सूर सरकला तर त्याला नावं ठेवण्याआधी त्या मॉनिटरकडे एकदा बघा.

कानांसाठी इअरप्लग न्या. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम पंधरा मिनिटांची धरतात आणि रॉकचा कार्यक्रम सहज तिथवर जातो. संगीतकारांसाठीचे प्लग मिळाले तर उत्तम. त्यांनी आवाज कमी होतो, गढूळ होत नाही. आणि वेळेवर पोचा. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक सहसा बंद करावे लागतात, त्यामुळे सुरुवात लांबली की शेवटची गाणी कापली जातात, आणि बँडने राखून ठेवलेलं मोठं गाणं बहुधा त्यातच असतं.

मोबाइलवर एखादं गाणं टिपलंत तर हरकत नाही. बाकी वेळ तो खिशात राहू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, कान शांत झाल्यावर, वहीत फक्त तीन क्षण लिहा जे रेकॉर्डवर नाहीत. मला बहुतेक वेळा तीन सापडतात, कधी कधी एकच, आणि तो एक बाकी सगळं विसरलो तरी आठवतो.

पायरी ९: परत स्टुडिओकडे

हे सगळं झालं की ‘मशीन हेड’मधलं ‘स्मोक ऑन द वॉटर’ पुन्हा लावा. या वेळी शेवटाकडे गाणं विरायला लागलं की तुम्ही आवाज वाढवत न्या. रिफ दूर दूर जाते आणि तिच्यावर ऑर्गन अजून काहीतरी म्हणत असतो, जवळजवळ ऐकू न येण्याइतका, वाक्य अर्धवट असताना दार लागावं तसा. मग लगेच ओसाकाचा शेवट लावा. लॉर्डचं बोलणं तिथे पुढे चालू आहे, आणि आता ब्लॅकमोर त्याला उत्तर देतोय.